माप कुणी घेतलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागे बाळाच्या तयारीवर लेख आला होता, त्यात ब्रेस्ट पंपाबद्दल एकच ओळ होती, की चांगल्या कंपनीचा इलेक्ट्रिक पंप घ्यावा. त्या एका ओळीवरून हे पत्र लिहितेय, कारण साडेतीन वर्षांपूर्वी मीही तेवढंच ऐकून पंप घेतला होता आणि त्यापायी पहिल्या बाळंतपणात जे सोसलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

मी परदेशात राहते, थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. नवरा सकाळी सातला घर सोडतो तो संध्याकाळी सहाला येतो, आणि मधल्या अकरा तासांत घरात मोठं माणूस म्हणजे मी एकटीच. नवीन बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, एकेक वेळ अर्ध्या अर्ध्या तासाची, त्यात थोरलीला शू आलेली असते, भूक लागलेली असते, किंवा नुसतं मांडीवर बसायचं असतं. अशा दिवसात दूध काढायचं कधी आणि कशाने, हा माझ्यासाठी हौसेच्या खरेदीचा प्रश्न नव्हता, त्याच्यावर अख्खा दिवस उभा होता.

थोरलीच्या वेळी चौथ्या महिन्यात कामावर परत जायचं होतं. मी सगळ्यात जास्त सक्शनवाला पंप शोधून घेतला, म्हटलं जितका जोर जास्त तितकं दूध जास्त. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचे आणि बाटलीत जेमतेम 20 मिली, वर निपलला चिरा पडलेल्या, एकदा तर दुधात गुलाबी धार दिसली आणि मी घाबरून मशीन बंद केलं. मला वाटलं माझं दूधच आटलं. पाचव्या महिन्यात अंगावरचं बंद झालं. वरचं दूध पाजण्यात काही कमीपणा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, थोरली छान वाढलीय. पण मला पाजायचं होतं आणि ते माझ्या हातून सुटलं, त्याचं वाईट वाटायचं ते अजूनही वाटतं.

धाकट्याच्या वेळी दुसऱ्या आठवड्यात एका लॅक्टेशन कन्सल्टंटकडे (म्हणजे स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ) गेले. त्या बाईंनी माझा पंप बघितला, काही बोलल्या नाहीत, ड्रॉवरमधून एक छोटी पट्टी काढली आणि निपलचं माप घेतलं. उजवीकडे 16 मिलिमीटर, डावीकडे 17. माझ्या पंपासोबत डब्यात जी फ्लॅंज आली होती (म्हणजे छातीला लावायचा तो नरसाळ्यासारखा भाग) ती 24 ची. त्यांनी मला पंप लावून दाखवायला सांगितला आणि म्हणाल्या, आता नीट बघा आत काय होतंय. त्या नळीत निपलबरोबर भोवतालची काळी त्वचाही बोटभर आत ओढली जात होती, फुगत होती, आणि मशीन काढल्यावर पांढरट-जांभळं कडं उमटलेलं. मग त्यांनी सिलिकॉनची छोटी रिंग आत बसवली, 18 ची. तेच मशीन, जोर आधीपेक्षा निम्मा, आणि आता फक्त निपल मागेपुढे सरकत होतं, कडेला घासत नव्हतं, दुखत तर अजिबात नव्हतं. दोनेक मिनिटांत पान्हा फुटला. मी त्या खुर्चीत बसून रडले. दोन मिनिटांचं काम होतं हो, पहिल्या वेळी कुणीच केलं नव्हतं, ना दवाखान्यात, ना दुकानात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कंपनी कुठली हा प्रश्न दुसरा, आधी माप. माप फक्त निपलचं घ्यायचं, भोवतालच्या काळ्या भागाचं नाही, पाजायच्या किंवा पंप करायच्या आधी, मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचं वेगळं वेगळं. फ्लॅंज साधारण तेवढीच किंवा दोनतीन मिलिमीटर मोठी लागते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हे माप बदलतंही, त्यामुळे महिन्याभराने परत बघायचं. आणि जोर वाढवला की दूध वाढतं हा समज डोक्यातून काढायला हवा. दुखलं की शरीर आखडतं आणि पान्हा उलट अडतो. दुखणार नाही इतपत जोर, तोच खरा जास्तीत जास्त. बहुतेक पंपांत सुरुवातीला भराभर हलकं ओढायचा मोड असतो, बाळ पहिल्यांदा तसंच चुरूचुरू ओढतं ना, आणि दूध सुटलं की सावकाश खोल ओढायचा दुसरा. मला हे दोन मोड कशाला आहेत तेसुद्धा माहीत नव्हतं, मी पहिल्या मिनिटापासून दुसराच लावायचे.

मग कुठला घ्यायचा, तर ते तुमच्या दिवसावर आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर जायचं असेल तर हाताने दाबायचा पंप भरपूर झाला. एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूने जे वाहून जातं ते गोळा करायला सिलिकॉनचा एक साधा कप मिळतो, मोटर नाही की काही नाही, मला सगळ्यात उपयोगी तोच पडला. रोज आठ तास बाळापासून लांब राहायचं असेल तर दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिकच हवा. बाळ लवकर जन्मलं असेल, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल, तर दवाखान्यात वापरतात तसलं मोठं मशीन बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं, ते विचारावं. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचं चिकाचं दूध मशीनपेक्षा हाताने जास्त चांगलं निघतं, तो घट्ट थेंब नळीतच चिकटून बसतो. हे कुणीतरी शेजारी बसून दाखवायची गोष्ट आहे, नेमकं तेच माणूस परदेशात नसतं.

घरात दुसरं लहान मूल असेल तर ट्यूबवाल्या पंपाचा नीट विचार करा. एकदा मी सोफ्यावर बसले होते, दोन्ही बाजू लावलेल्या, थोरली मागून आली आणि तिला ती पारदर्शक नळी खेळण्यातली वाटली, तिने ओढली, बाटली कलंडली आणि पंचवीस मिनिटं बसून काढलेलं 60 मिली दूध गालिच्यात जिरलं. मी ओरडले नाही पण माझा चेहरा बघून तीच रडायला लागली. त्यानंतर मी ब्राच्या आत बसणारा, बिन-नळीचा घेतला. त्याने हात मोकळे राहतात, मी थोरलीची वेणी घालता घालता दूध काढलंय. पण आत निपल सरळ बसलंय का ते दिसत नाही, पुढे वाकलं की सांडतं आणि धुवायचे भाग जास्त, हेही सांगायला हवं, जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

धुण्याचं म्हणाल तर थेट सिंकमध्ये टाकायचं नाही, वेगळं टोपलं आणि वेगळा ब्रश, गरम पाणी आणि साबण, आणि पुसायचं नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा उकळून घ्यायचं. आणि त्यातला जो छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो, बदकाच्या चोचीसारखा, तो रोजच्या वापराने दीड-दोन महिन्यांत सैल पडतो. मला तिसऱ्या महिन्यात परत वाटलं दूध कमी झालं, दोन दिवस झोप नाही, आणि निघालं काय तर व्हॉल्व्हला बारीक चीर. बदलला, पुन्हा पहिल्यासारखं.

परदेशातल्या बायकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम. घरून कुणी प्रेमाने पंप पाठवतं किंवा येताना आपण घेऊन येतो, तर आधी चार्जरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. 100 ते 240 व्होल्ट लिहिलं असेल तर कुठेही चालेल. नसेल तर लक्षात ठेवा की भारतात 230 व्होल्ट असतं आणि अमेरिका, कॅनडासारख्या देशांत 120, आणि प्रवासात वापरतो तो अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. माझ्या ओळखीत एकीचं मशीन पहिल्याच दिवशी चालेना, बाळ आठ दिवसांचं होतं, छाती दगडासारखी आणि हातात बंद पडलेलं मशीन. यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर ही भीती नाही. वॉरंटीही दुसऱ्या देशात चालेल असं धरून चालू नका.

दुसरं म्हणजे जुना पंप देणं-घेणं. आपल्या लोकांत एकमेकींना सामान द्यायची पद्धत आहे आणि ती मला फार आवडते, पाळणा द्या, कपडे द्या, पण घरगुती पंप एकीसाठीच बनवलेला असतो. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, एफडीए, तीसुद्धा तेच सांगते. काही मशीनमध्ये दूध आणि मोटर यांच्यात पडदाच नसतो, दुधाचा अंश आत मोटरपर्यंत जातो आणि तो नळ्या बदलून निघत नाही.

काढलेलं दूध खोलीत चार तास (25 अंशांपर्यंत), फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम, एवढं फ्रिजवर लिहून चिकटवा म्हणजे नवऱ्यालाही विचारावं लागत नाही. मायक्रोवेव्ह नाही, त्यात कुठे गार कुठे चटका बसेल इतकं गरम राहतं. वितळवून साबणासारखा वास आला तर लगेच ओतून देऊ नका, दुधातल्या लायपेजने (चरबी पचवणाऱ्या एन्झाइमने) तसं होतं, ते दूध खराब नसतं.

अजून एक. दुसऱ्या महिन्यात मला रात्री ताप भरला, एक बाजू लाल आणि आत गाठ. आईने फोनवर सांगितलं चोळ, शेक आणि सगळं रिकामं कर. आईचं चुकलं म्हणत नाही, सगळ्यांना तेच माहीत होतं. मी पंप करत राहिले आणि गाठ वाढतच गेली. डॉक्टरांनी उलटं सांगितलं, की जास्त काढू नका, जोरात चोळू नका, बर्फाने शेका, बाळ पिईल तेवढंच पाजा. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने 2022 मध्ये हेच सांगितलंय, की जास्त रिकामं केलं की शरीर आणखी जास्त बनवतं आणि सूज वाढते. ताप आला तर मात्र घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवाच.

आणि आईवडील, सासू-सासरे, जे हे पत्र वाचतील त्यांना हात जोडून विनंती. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न "दूध पुरतंय का गं?" हा विचारू नका. ती आधीच बाटलीवरच्या रेघा मोजत बसलेली असते. पंपाला जेवढं निघतं तेवढंच अंगात आहे असं नसतं, बाळ बहुतेक वेळा मशीनपेक्षा जास्त ओढून घेतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय, तर पुरतंय. तू जेवलीस का, थोरलीला जरा फोनवर घे, मी तिला गोष्ट सांगते, असं म्हणा. माझ्या सासूबाईंनी हे केलं, रोज संध्याकाळी चार वाजता वीस मिनिटं त्या थोरलीला फोनवरून गोष्ट सांगायच्या आणि त्या वीस मिनिटांत मी शांतपणे पंप करायचे. कुठल्याही मशीनने केली नाही एवढी मदत त्यांनी केली.

आता संपादकांकडे एक मागणं. 1 ते 7 ऑगस्ट जागतिक स्तनपान सप्ताह असतो. दरवर्षी त्या आठवड्यात आईचं दूध अमृत असतं असे लेख येतात, ते खरंच आहे, पण ते आम्हाला माहीत आहे. यंदा त्याऐवजी एखाद्या लॅक्टेशन कन्सल्टंटकडून साध्या मराठीत फ्लॅंजचं माप कसं घ्यायचं ते लिहून घ्या, चित्रासकट, आणि पानाच्या कडेला एक मिलिमीटरची पट्टी छापा, कापून वापरता येईल अशी. ई-पेपरवर वाचणाऱ्यांना मात्र तिथेच सांगा की स्क्रीनवर पट्टीची लांबी बदलते, तुम्ही मुलांच्या कंपासपेटीतली घ्या.

आपली,
परदेशातली एक वाचक