शिक्षणमंत्री महोदय, चौदाव्या वर्षाचं काम हेल्पलाइनवर उरकत नाही

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

शाळांमधल्या समुपदेशकांची कंत्राटं यापुढे वाढवायची नाहीत, गरजूंनी हेल्पलाइनला फोन करावा, असं आपल्या विभागाचं परिपत्रक गेल्या आठवड्यात आम्हा पालकांच्या हाती पडलं. मागच्याच वर्षी आपण सभागृहात उभं राहून प्रत्येक शाळेला पूर्णवेळ समुपदेशक देण्याचा शब्द दिला होता. आपल्यामागे कामं फार असतात, हे मान्य. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

माझी मुलगी नववीत आहे. वर्षभरापूर्वी ती एकाएकी गप्प झाली. मैत्रिणी तोडल्या, खोलीचं दार लावून बसायला लागली, विचारलं की एकच उत्तर, "काही नाही." तिला बोलतं केलं ते शाळेतल्या समुपदेशक बाईंनी, आणि तेही लगेच नाही. जिन्याखालच्या अरुंद खोलीत सुरुवातीला ती नुसतीच वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव लिहीत बसायची. कधी तिरपं, कधी टपोरं, कधी मैत्रिणीच्या वळणाचं. बाई शेजारी बसून असायच्या. त्यांनी घाई केली नाही. मग एक दिवस पोरगी म्हणाली, "मी प्रत्येकासमोर वेगळी वागते. यातली खरी मी कुठली?"

हा प्रश्न फोनवर, दर वेळी नव्या माणसाला, पहिल्यापासून कसा सांगायचा?

हा आजार नव्हे. त्या वयाचं ते कामच आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्ह्या बाळाला जगाचा भरवसा वाटतो की नाही, इथून सुरुवात. आणि म्हातारपणी मागे वळून पाहताना जगणं आपलंसं वाटतं की वाया गेलेलं, हा शेवट. साधारण बाराव्या ते अठराव्या वर्षातलं काम म्हणजे 'मी कोण' याचा शोध. एरिक्सन यांना आपले जन्मदाते वडील कोण, हे मरेपर्यंत कळलं नाही. आडनावसुद्धा त्यांनी स्वतःच निवडलं. या प्रश्नाचं वजन त्यांनी अंगावर सोसलं होतं. पुढे 1966 मध्ये जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की काही मुलं हा शोध न घेताच थोरांनी आखून दिलेली ओळख मुकाट्याने स्वीकारतात. वरून ती सगळी शहाणी, स्थिर दिसतात. आणि तुम्ही भाषणात सांगता की मुलांनी आठवीतच करिअर पक्कं करावं! टाळ्या पडल्या. मी समोरच्या खुर्च्यांत होते, माझे हात उठले नाहीत.

आकडे हवेत? 10 ते 19 वयातल्या दर 7 मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्मे अठरा वर्षांच्या आतच सुरू होतात. म्हणजे मुलं शाळेत असतात तेव्हाच. आणि नेमकी तिथलीच माणसं तुम्ही काढता.

उशीर झाला तर पुढे बघू, असं तुमच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला ऐकवलं. रुमानियात 2000 साली अनाथालयांतल्या 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत दिली. जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, त्यांना माणसांचा लळा लागणं जास्त जमलं; उशिरा गेलेल्यांना ते जड गेलं. टप्पा हुकला म्हणजे सगळं संपलं असं नाही, राहिलेलं काम पुढेही करता येतं, एरिक्सनही तेच म्हणत. पण ते मोठेपणी करताना फार महाग पडतं, आणि ती किंमत तुमच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. ती घरात भरावी लागते.

आमच्या घरात ती कशी भरली जाते, तेही ऐका. वडील नव्वदीला टेकलेत. न्हाणीघराच्या दाराशी थांबतात, भिंतीला तळवा टेकवतात, मग पाऊल उचलतात. स्वतःच्या पायांवरचाच भरवसा गेलाय. जोन एरिक्सन यांनी नव्वदी ओलांडल्यावर नवऱ्याच्या मांडणीला नववा टप्पा जोडला, तो याच वयाचा: सुरुवातीच्या साऱ्या झुंजी उतारवयात परत समोर उभ्या राहतात. वडील दिवसा ज्या केंद्रात चार माणसांत बसायचे, तेही दुसऱ्या एका खात्याने बंद केलं. आता रात्री एका खोलीत मुलगी जागी, दुसऱ्या खोलीत वडील जागे आणि मधल्या पॅसेजमध्ये मी. माझंही एक वय आहे, महोदय. पुढच्या पिढीसाठी काही उभं करायचं, ते वय. मी नोकरी अर्ध्यावर आणली, शिकवण्या सोडल्या, पाठीचं दुखणं अंगावर काढते आहे. कुठल्या अर्जात हे लिहायचं?

आणि अर्ज तरी कुणाकडे? तान्हं मूल एका खात्याचं, विद्यार्थी दुसऱ्याचा, बेरोजगार तिसऱ्याचा, म्हातारा चौथ्याचा. प्रत्येक खात्याला आपल्यापुरता माणसाचा तुकडा हवा. शाळा सुटल्यापासून नोकरी लागेपर्यंतचा मुलगा कुणाचा? निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीचा माणूस कुणाचा? पडतो तो माणूस याच सांध्यांवर, आणि तिथे तुमच्यापैकी कुणीही उभं नसतं. तुम्हाला आम्ही दोनदाच पूर्ण दिसतो, निकालाच्या टक्केवारीत आणि मतदार यादीत. हे सरकार बदललं म्हणून बदललेलं नाही. आधीचेही असेच होते.

परिपत्रक मागे घ्या. कंत्राटावरच्या समुपदेशकांना कायम करा, आणि त्याच मुलांसमोर तीच माणसं ठेवा. ओळखीचं माणूस बदलून चालत नाही. सभागृहात दिलेल्या शब्दाचं काय झालं, ते लेखी कळवा. पोच नको, उत्तर हवं आहे.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई