खोल्या पुष्कळ झाल्या, आता शाळा बांधा

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, सांगली

विषय : माध्यमिक शाळांची पुनर्बांधणी आणि गावाच्या सामाईक सोयी एकाच आराखड्यात घेण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. शाळाखोल्यांची अंदाजपत्रकं माझ्या हातून ढिगानं गेली. त्या अनुभवावर हे पत्र लिहितो आहे.

जिल्हा नियोजन समितीत (डीपीडीसीत) शाळेचा विषय निघतो तो खोलीच्या हिशोबानं. या गावाला दोन, त्या गावाला एक. प्रशासकीय मान्यता यायला हिवाळा संपतो आणि बिल ३१ मार्चच्या आत निघायला हवं असतं. मग खोली जिथं जागा सापडेल तिथं उभी राहते. कुठं ती जुन्या वर्गाचा उजेड अडवते, कुठं मैदानाचा कोपरा खाते. एका ठिकाणी तर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवरच आखणी पडली होती. ती हलवायला सुधारित अंदाजपत्रक लागलं असतं म्हणून कुणी हलवली नाही. प्रत्येक खोली नियमात बसलेली असते, पण दहा-पंधरा वर्षांनी एकूण जी शाळा दिसते ती कुणीच आखलेली नसते.

हे झालं प्राथमिकचं. हायस्कूलला तेवढंही मिळत नाही. आपल्याकडची ग्रामीण हायस्कुलं बहुतेक खासगी अनुदानित. शिक्षकांचा पगार सरकार देतं, इमारत मात्र संस्थेची. वेतनेतर अनुदानात, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाला मिळणाऱ्या पैशात, लाइट बिल नि किरकोळ दुरुस्ती निघाली तरी मुख्याध्यापक सुटकेचा श्वास टाकतात. शाळा सुधारायची केंद्राची २०२२ ची पीएम श्री योजना सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी, म्हणजे इथं उपयोग शून्य. त्यामुळे दहावीची मुलं आजही आजोबांच्या लोकवर्गणीतून, श्रमदानातून उभ्या राहिलेल्या इमारतीत बसतात. मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं. स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो : धोकादायक ठरली तर मुलं बसवायची कुठं? म्हणून ऑडिटच होत नाही.

आता त्याच गावात एक फेरी मारू. समाजमंदिर आहे, त्यात मांडवाचे बांबू आणि कुणाची तरी कडब्याची गंजी. व्यायामशाळा आहे, तिची किल्ली माजी सरपंचांकडे आणि आतलं मल्टिजिम गंजलेलं. म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्राला उद्घाटनानंतर लाइटचं कनेक्शनच मिळालं नाही. 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या अनुदान-श्रेणीतलं, वाचनालय भाड्याच्या गाळ्यात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर ट्रक चुकवत धावतात, कारण हायस्कूलच्या मैदानाच्या फाटकाला कुलूप असतं. समाजकल्याण, क्रीडा, ग्रामविकास, महिला व बालविकास, आमदार फंड, सगळ्यांचा पैसा या गावात आला आणि प्रत्येकानं आपापली छोटी इमारत बांधून आपापली पाटी लावली. बेरीज केली तर एक चांगलं हायस्कूल त्यातून उभं राहिलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. माध्यमिक शाळा पुन्हा बांधायची तर ती गावाची सामाईक इमारत म्हणून बांधा आणि या सगळ्या विभागांचा पैसा आधी एका नकाशावर आणा, मगच टेंडर काढा.

कृष्णाकाठी याची गरज का आहे ते आपल्याला २०१९ साली दिसलंच आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फुटांची आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. दोन वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तीच पळापळ. अशा वेळी गाव कुठं जातं? शाळेत. छावणी तिथं, जेवण तिथं, डॉक्टरांचं पथक तिथं, लहान लेकरांचं शी-शू तिथं. आणि शाळेत संडास किती, तर दिवसा पाच-सहा तास येणाऱ्या मुलांपुरते, तेही पूर्ण पुरतील असं नाही.

पाणी ओसरल्यावर एका हायस्कूलच्या ऑफिसात पंचनाम्याला गेलो होतो. कपाटाची दारं फुगून बसली होती, पहारीनं उघडली. आतून जनरल रजिस्टरं निघाली, चिखलानं एकमेकांना चिकटलेली. शिपाईमामांनी ती व्हरांड्यात पसरली आणि पान न् पान सुटं करून त्यात वर्तमानपत्राचे कागद घालत बसले. जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याचं मूळ त्या रजिस्टरात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा अख्खा महाराष्ट्र अशाच रजिस्टरांची पानं चाळत होता. एवढा ऐवज आपण तळमजल्यावर, लोखंडी कपाटात ठेवतो. वरच्या मजल्यावर एक दस्तऐवज खोली काढायला काही मोठं शास्त्र लागत नाही. पण 'एक वर्गखोली' मंजूर झाली की तिच्यात ती बसत नाही.

नकाशा कसा असावा, ते थोडक्यात. जोतं २०१९ च्या पाण्याच्या वर. जिथं ते परवडत नाही तिथं तळमजला खांबांवर मोकळा. एरवी तिथं प्रार्थना नि सायकली, पुरात पाणी खालून निघून जाईल. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे जिथं बांधकामाला मनाई असते तिथं, काहीच नको. दोन फाटकं हवीत. शाळेचं वेगळं, गावाचं वेगळं, आणि दोन्ही भागांच्या मध्ये कुलूप लागणारं दार. मुलींच्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो बरोबर आहे. गावाच्या बाजूला वाचनालय आणि रात्री दहापर्यंत चालणारी अभ्यासिका. एक आरोग्य खोली, जिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक व्हरांड्यात बाक मांडून न बसता दार लावून मुलींना तपासू शकेल. पुरात शेकडो माणसांचं रांधता येईल असं स्वयंपाकघर. एरवी तिथं पोषण आहार शिजेल. तो आठवीपर्यंतच मिळतो आणि नववी-दहावीची मुलं त्याच वासात बसून घरच्या डब्याची वाट बघतात, हे जाता जाता आपल्या कानावर घालतो.

हे सगळं नवं खूळ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच शाळेची इमारत शाळेच्या वेळेबाहेर गावाच्या कामी यावी, 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वापरावी असं म्हटलं आहे. आणि धोरण कशाला, आपल्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकशी ज्यांचं नातं ते कर्मवीर भाऊराव पाटील आपलेच. कराडजवळच्या काले गावी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पोरं शिकत होती नि राबत होती, आणि आसपासची गावं त्यांना धान्य पुरवत होती. योगायोग असा की त्याच १९२४ साली इंग्लंडात केंब्रिजशायरच्या हेन्री मॉरिस नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यानं खेड्यातलं हायस्कूल, वाचनालय, सभागृह, प्रौढांचे वर्ग एकाच आवारात आणायची योजना मांडली. पहिलं 'व्हिलेज कॉलेज' १९३० साली सॉस्टनला उघडलं.

पण त्याच इंग्लंडानं पुढं काय चुका केल्या तेही वाचा. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं देशातली सगळी, सुमारे ३,५०० माध्यमिक शाळा पंधरा वर्षांत नव्या करायचा कार्यक्रम हाती घेतला. २००८ अखेर दोनशे शाळा व्हायच्या होत्या, झाल्या ४२. २०१० साली सत्ता बदलली आणि जुलैत कार्यक्रम गुंडाळला गेला. त्याआधीचं एक उदाहरण तर डोळे उघडणारं. लिव्हरपूलची पार्कलँड्स शाळा खासगी कंपनीच्या भांडवलातून २००२ साली बांधली, पट घसरला, २०१४ साली बंद झाली. करार मात्र २०२८ पर्यंतचा. रिकाम्या इमारतीसाठी पालिका वर्षाला चाळीस लाख पौंडांच्या घरात पैसे भरत राहिली.

आपल्याकडेही पट घसरतो आहे. संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पोरं मोजताना मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून पुढच्या दहा-पंधरा वर्षांची मुलं आधी मोजा. अंगणवाडीच्या नोंदींवरून ते जमतं, त्यासाठी सल्लागार कंपनी नेमायची गरज नाही. पट कमी झाला तरी वाया जाणार नाहीत अशा खोल्या बांधा. इमारत सामाईक असण्याचा हाही फायदा आहे.

खरी अडचण मालकीची. जागा संस्थेची, पैसा सरकारचा. संस्था कुणाच्या आहेत हे सांगली जिल्ह्यात मी सांगायला नको. नोंदणीकृत करार हवा : संस्था, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद. शाळा बंद पडली तर इमारत ग्रामपंचायतीकडे जाईल हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. जी संस्था सही करणार नाही तिला निधी नाही, मग ती कुणाच्या घरची असो. देखभालीचं कलमही त्यातच घाला. पाणी आणि स्वच्छतागृहं ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीतून सांभाळावीत, वाचनालयाचं त्याच्या अनुदानातून भागवावं, लाइटची मीटर दोन ठेवावीत. मीटर एक असलं की पहिल्या थकबाकीला भांडण ठरलेलं.

जतचा पूर्व भाग वेगळा. तिथं प्रश्न पाणीटंचाईचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा, त्यामुळे तिथल्या इमारतीत टाकी आणि वसतिगृह आधी, बाकी नंतर. काही गावांत मुलं कन्नड माध्यमातून येतात, वाचनालयात ती पुस्तकंही हवीत.

सगळ्या जिल्ह्यात एकदम करू नका. नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत तीन गावं निवडा : नदीकाठचं एक, खानापूर-आटपाडीकडचं एक, जतमधलं एक. निवड कशावरून केली ते जाहीर करा. त्या तीन गावांत पुढची दोन वर्षं कुठल्याही विभागाची सुटी इमारत मंजूर होणार नाही, असा ठराव घ्या. हा ठराव घेताना सगळ्यात जास्त विरोध आपल्याच कार्यकर्त्यांचा होईल, कारण उद्घाटनं तीनाची एक होतील. नकाशे तपासायला, जागेवर जाऊन टेप धरायला मी विनामोबदला यायला तयार आहे.

कळावे,

आपला,
जि. प. बांधकाम विभागातला एक निवृत्त शाखा अभियंता
ता. पलूस, जि. सांगली