किंमत कळते, अटी कळत नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार. अमेरिकेत नॉनप्रॉफिट हॉस्पिटलं कंपन्यांना विकली जातायत त्यावरचं एका वाचकाचं पत्र तुमच्याकडे वाचलं, त्यांचं म्हणणं की घेणारा तयार, देणारा तयार, मग सरकारने मधे कशाला पडायचं. मी तिथे एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समधे बारा वर्षं काढली आणि आमचं हॉस्पिटल पण असंच विकलं गेलं, म्हणून राहवलं नाही.

अहो, इथे देणारा मालकच नसतो. नॉनप्रॉफिटला शेअरहोल्डर नाहीत, बोर्ड फक्त राखणदार. टॅक्समाफी आणि लोकांच्या देणग्या यावर ते सगळं उभं राहिलेलं असतं. आमच्या लॉबीत देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी होती, एका बाईंच्या नावाखाली फक्त 'आमच्या लेकीच्या आठवणीत' एवढंच कोरलेलं, रोज कामावर जाताना दिसायचं. त्या बाईंचा पैसा बोर्डाने कुठल्या हक्काने कुणाला द्यायचा? म्हणून तर कायदा म्हणतो की संस्था नफ्याची झाली तरी तिची पूर्ण किंमत धर्मादाय कामातच राहिली पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ते बघायचं काम राज्याच्या ॲटर्नी जनरलचं, म्हणजे सर्वात वरच्या सरकारी कायदा अधिकाऱ्याचं, विमा संस्था असेल तर इन्शुरन्स कमिशनरचं पण.

कुणी लक्ष ठेवलं नाही तर काय होऊ शकतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. तिथल्या ब्लू क्रॉस या नॉनप्रॉफिट आरोग्य विमा संस्थेने 1993 मधे आपला बहुतेक धंदा वेलपॉइंट नावाच्या नव्या नफ्याच्या कंपनीत हलवला आणि वरची मूळ संस्था मात्र नॉनप्रॉफिटच ठेवली, म्हणजे कन्व्हर्जन, नॉनप्रॉफिटचं नफ्याच्या कंपनीत रूपांतर, झालंच नाही असं म्हणायला मोकळे! लोकांच्या संघटना आणि राज्याचे अधिकारी मागे लागले म्हणून शेवटी 1996 मधे 3 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दोन आरोग्य फाउंडेशनांकडे गेली. मेरीलँडमधे केअरफर्स्ट या नॉनप्रॉफिट आरोग्य विमा संस्थेच्या विक्रीचा 1.3 अब्ज डॉलरचा सौदा तर 2003 मधे इन्शुरन्स कमिशनरने नाकारलाच. किंमत कमी धरलेली, आणि सौदा झाला की वरच्या साहेबांना मोठमोठे बोनस मिळणार होते. विकणाऱ्यालाच विकण्याचं बक्षीस असेल तर तो भाव कशाला ताणेल सांगा. म्हणून व्हॅल्युएशन बाहेरच्या माणसाकडूनच करून घ्यावं आणि तो रिपोर्ट लोकांना वाचायला मिळावा, याला तडजोड नको.

पैसा नक्की कुठे जाणार हे पण आधीच लिहून घ्यावं लागतं. न्यूयॉर्कमधे एम्पायर ब्लू क्रॉस ही विमा संस्था नफ्याची झाली त्या वेळी 2002 मधे विधिमंडळाने कायदा करून 95 टक्के रक्कम राज्याकडे वळवली, आरोग्याच्या धर्मादाय फाउंडेशनला उरले 5. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमच्या वेळी जाहीर सुनावणी झाली, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. डिलिव्हरी वॉर्डातली एक म्हातारी नर्स उठली आणि एकच विचारलं, वॉर्ड चालू राहणार का? समोरून उत्तर आलं, सध्या बंद करायचा विचार नाही. ते 'सध्या' मी अजून विसरलेलो नाही, दोन वर्षांत वॉर्डाला कुलूप लागलं.

कायदा सगळ्यात लंगडा पडतो तो इथेच, विक्रीनंतर. नॉर्थ कॅरोलिनात मिशन हॉस्पिटल 2019 मधे एचसीए या हॉस्पिटलं चालवणाऱ्या नफ्याच्या कंपनीने 1.5 अब्ज डॉलरला घेतलं, तिथे ॲटर्नी जनरलने सेवा चालू ठेवायची अट 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली, वर स्वतंत्र देखरेख पण लावली. तरी 2023 च्या डिसेंबरात त्यांनाच कोर्टात जावं लागलं, इमर्जन्सी आणि कॅन्सरच्या सेवांबद्दलची वचनं मोडली असा आरोप करून. पण निदान कागदावर अट होती म्हणून कोर्टात जाता तरी आलं, आमच्या नर्सबाईंच्या हातात काय होतं?

तेव्हा संपादक साहेब एक विनंती, अशा सौद्याची बातमी छापाल तेव्हा किमतीसोबत कुठल्या सेवा किती वर्षं चालू ठेवायच्यात आणि त्या कोण तपासणार, हे पण छापत चला.

आपला,
एक जुना वाचक