विकत घेतलेल्या संगणकावर ताबा कोणाचा?

महोदय,

संगणकाचे पूर्ण पैसे मोजल्यावरही त्यावर काय चालवायचे हे ठरवण्याचा अधिकार उत्पादक स्वतःकडेच ठेवू लागले आहेत, याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. ‘सिक्युअर बूट’चेच पाहा. यंत्र सुरू होताना मान्य डिजिटल स्वाक्षरी असलेलीच प्रणाली चालू द्यावी, ही कल्पना मुळात वाईट नाही. घातक प्रोग्रॅमना तिने आळा बसतो. परंतु २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या पीसीवर ही अट बंद करण्याची मुभा ठेवली आणि एआरएम चिपच्या (मोबाइल-टॅब्लेटमध्ये सहसा असते त्या प्रकारच्या) विंडोज उपकरणांवर मात्र ती नाकारली. सुरक्षिततेचे कारण दोन्हीकडे सारखेच असताना हा भेद का, हे निदान मला तरी उमगलेले नाही.

हार्डवेअरचीही तीच गत. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मान्य वाय-फाय कार्डांची यादीच असते. त्याच मापाचे, पण यादीबाहेरचे कार्ड बसवले की ते काढून टाकण्याचा संदेश पडद्यावर झळकतो आणि यंत्र पुढे हलत नाही. रेडिओ लहरींच्या नियमांकडे बोट दाखवले जाते खरे, पण बाजारातले कोणतेही वाय-फाय उपकरण यूएसबीला जोडले तर कोणी हटकत नाही!

असे निर्बंध खोक्यावर ठळक अक्षरांत छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे आणि जाणत्या मालकाला, स्वतःच्या जबाबदारीवर, ते उठवण्याची सोय प्रत्येक यंत्रात असावी.

— एक वाचक