आबांची पाठ कोण बघतंय?

ठाणे, रविवार

प्रिय अन्या,

तुझ्या वडिलांच्या, आपल्या आबांच्या, हमालीवरची तुझी तिन्ही प्रकरणं वाचून झाली. पहिलं ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये, तुर्भ्याला जाताना वाचलं; उरलेली दोन घरी, पेन्सिल घेऊन. आधी चांगलं सांगतो. बाजार पक्का उभा राहिलाय. गाळा, मुकादम, टोळी, वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, होणारी हुज्जत, सगळं आतल्या माणसाने लिहिल्यासारखं आहे. 1969 चा माथाडी कायदा तू कुठे समजावत बसला नाहीस, टोळीतल्या गड्यांच्या बोलण्यातून येऊ दिलास, हे तर फारच आवडलं.

आता भांडण. पान 11 वर आबा म्हणतात, ‘माझ्या पाठीवर घामाच्या धारा चमकत होत्या.’ अरे, आबांना स्वतःची पाठ दिसली कशी? 50 किलोची गोणी घेतलेल्या माणसाची मान खाली असते. त्याला दिसणार पुढच्या गड्याच्या भेगाळलेल्या टाचा, ट्रकला लावलेली फळी, फळीवर चिकटलेली कांद्याची सालं. पाठ बघत होतास तू, सुट्टीत डबा घेऊन गेलेला, गाळ्याच्या पायरीवर बसलेला. ‘मी’ आबांचा लावलास आणि डोळे तुझेच ठेवलेस. अशा जागा बऱ्याच आहेत, खुणा केल्यात.

यावर तू लगेच म्हणशील, मग ‘मी’ काढतो, ‘आबा’ करतो. तसं करू नकोस. तृतीयपुरुषात गेलास की तुझं ते वर्तमानपत्री वळण परत येईल. पहिल्या खर्ड्यात बघितलंय मी ते. आणि पुरुषाने बाईच्या ‘मी’त शिरून दाखवलंय, तिथे मुलाला बापाच्या ‘मी’त शिरायला काय हरकत? हरिभाऊ आपट्यांची यमू आठव. ‘करमणूक’ साप्ताहिक 1890 मध्ये निघालं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही यमूची कादंबरी क्रमशः येत गेली. परवा आपल्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून ती पुन्हा आणली. (संग्रहालय 1893 चं, म्हणजे जवळजवळ यमूच्याच वयाचं.) तिच्यात यमू दोन आहेत. एक सोसणारी, अजाण पोर; दुसरी सगळं भोगून झाल्यावर सांगायला बसलेली. पोरीला जे कळलं नव्हतं ते सांगणारी मधेच बोलून टाकते आणि ते खटकत नाही, कारण ती कुठे बसून सांगतेय हे आपल्याला ठाऊक असतं. तुझे आबा कुठून सांगतायत? गोणीखालून, की रिटायर झाल्यावर घणसोलीच्या खोलीत बसून? तूच ठरवलेलं नाहीस. म्हणून एका वाक्यात ते तिशीचे असतात आणि पुढच्यात सत्तरीचे.

दुसरी गोष्ट, प्रकरणांच्या डोक्यावर टाकलेले अभंग. शोभतात, पण काढ. त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते निराळंच. आबा भजनाला बसले की हमखास म्हणायचे तो घे, ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’. मोठ्या अभंगाचा हिशेब तुला माहीत आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. पहिली तीन कडवी नजर नुसती मूर्तीवर फिरते. वीट, कटी, गळ्यातला हार, कानातली कुंडलं. बोलणारा दिसतच नाही. ‘आवडे निरंतर’ म्हणतो, कुणाला ते सांगत नाही. मग चौथं कडवं: ‘तुका म्हणे माझे’. अक्षरं मोज, बरोबर सहा. तेवढ्यात तुका आधी परका होतो, नाव घेऊन बाहेरून बोलावला जातो, आणि तिथल्या तिथे ‘माझे’ म्हणत आत येतो. छंदाला धक्का नाही. नाममुद्रेची, म्हणजे कवीच्या नावाची, जागाच ठरलेली आहे, त्यामुळे ‘आता मी बोलतो’ अशी दवंडी पिटावी लागत नाही.

नाथांनी तर कहर केलाय. भवानीला रोडगा कबूल करणाऱ्या त्या सुनेचं भारूड. सासरा, सासू, नणंदेचं पोर, एकेकाची वाट लावायला निघालेली बाई. शेवटच्या ओळीत ‘एका जनार्दनी’ येतं आणि त्याच ओळीत ती ‘एकटीच राहू दे मला’ म्हणते. सही पुरुषाची, रूप स्त्रीलिंगी, आणि एकाही श्रोत्याचा गोंधळ होत नाही. आपल्याकडे कोण बोलतंय हे सर्वनामावर कमी आणि ओळ कुठे पडली आहे त्यावर जास्त कळतं, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रकरण आबांचंच राहू दे, गोणीखालून. ‘मी’ हा शब्दसुद्धा फारसा नको. टाचा, फळी, मुकादमाची हाळी पुरे. पाठ नको, घामाचं चमकणं नको. प्रकरण संपताना, दर वेळी त्याच जागी, चार-पाच ओळी तुझ्या. तिथे पायरीवरचा पोरगा बोलेल आणि पाठ त्याला खुशाल दिसू दे. पण आखूडच ठेव. तुला एकदा जागा मिळाली की तू पसरतोस. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचकाला त्या ओळींची सवय लागेल. मग आबांचा मणका जातो त्या प्रकरणात तुझ्या ओळी आधी घाल आणि शेवट आबांवर सोड. फक्त त्या एकाच प्रकरणात. दोनदा केलंस तर युक्ती उघडी पडेल.

मुकादमाच्या तोंडची बोली मात्र कुठे कुठे पुणेरी झाली आहे. सातारचा माणूस ‘अहो, असं नका ना करू’ म्हणेल होय? ते आबांना वाचून दाखव, तेच हाणतील तुला.

पुढची प्रकरणं फोनवर पाठवू नकोस, छापून आण. समास मोठा सोड. येत्या रविवारी मी घरीच आहे, दुपारी जेवायलाच ये. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सद्या