अपलोडचा आकडा हँडबिलावर का नसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या अंकाच्या घडीतून इंटरनेटच्या प्लॅनची हँडबिलं पडायला लागतात. ‘दुकानदारांसाठी खास बिझनेस प्लॅन, ३०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे भरा, एक महिना मोफत, राउटर फुकट.’ हँडबिलं छापायला माझी काही हरकत नाही, आमच्यासारख्यांचं पोट त्यावरच आहे. पण त्यावर जे छापलेलं नसतं त्याबद्दल हे पत्र.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दिनदर्शिका, क्लासवाल्यांच्या नोट्स अशी कामं येतात. छपाईचं मशीन आमच्याकडे नाही. फाइल तयार करायची आणि पाठवायची. बिलबुकं गावातल्या ऑफसेटवाल्याकडे जातात, कॅलेंडरं शिवकाशीला. म्हणजे माझ्या दुकानात इंटरनेटवरून येतं थोडं आणि जातं फार. बारा पानी कॅलेंडरच्या फोटोंसकट फायली सहज २ जीबी होतात. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ती फाइल जायला सत्तावीस मिनिटं लागतात, तीही लाइन मध्ये तुटली नाही तर. ५० एमबीपीएस असेल तर साडेपाच मिनिटांच्या आत काम होतं. हँडबिलावरचा ३०० चा आकडा डाउनलोडचा. त्याचा या हिशेबात काडीचा उपयोग नाही.

सरकारी व्याख्येतही तेच. २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड लागतो. अपलोड किती असावा, याबद्दल त्या व्याख्येत शब्द नाही. लग्नाचे अल्बम लॅबला पाठवणारे फोटोग्राफर, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवर ठेवणारे सराफ, रिपोर्टसोबत स्कॅन पाठवणारी सेंटरं, सगळ्यांची अडचण माझ्यासारखीच.

उलट ज्यांना वेगाची फारशी गरजच नाही असे शेजारी ३०० चा प्लॅन घेऊन बसलेत. किराणा दुकानात काय चालतं? पैसे आल्याचं ओरडून सांगणारा साउंडबॉक्स स्वतःच्या सिमवर चालतो. टॅलीचं, म्हणजे हिशेबाचं, काम बरंचसं कॉम्प्युटरवरच होतं. जीएसटीचं रिटर्न भरायला ३० एमबीपीएससुद्धा भरपूर झाले. रिटर्नच्या शेवटच्या तारखांना, म्हणजे ११ आणि २० ला, पोर्टल रांगतं ते पोर्टलच्या गर्दीमुळे, त्यावर कुठल्याही कंपनीकडे प्लॅन नाही! शिवाय वायर जाते जुन्या स्विचमध्ये, म्हणजे एका लाइनीवर अनेक कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीत. त्याच्या पाठीमागे बघा, धुळीखाली ‘१०/१००’ लिहिलेलं सापडेल. त्या पेटीतून १०० च्या वर काही जात नाही, मग बाहेरून ३०० येवो नाहीतर हजार. जोडणी करणारा पोरगा मात्र राउटरला खेटून उभा राहतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि सही घेऊन जातो. टेस्ट आपल्या कामाच्या टेबलावर, वायर लावलेल्या कॉम्प्युटरवर करून मागावी आणि अपलोडचा आकडाही बघावा.

‘बिझनेस’ या नावाचे जादा पैसे मोजायला मी तयार आहे, पण त्या बदल्यात काय? वर जाणारा वेग खाली येणाऱ्या वेगाएवढा, हवा असेल तर स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), आणि बिघाड किती तासांत काढून देणार हे लेखी. या तिन्हीतलं काही नसेल तर तो घरचाच प्लॅन, फक्त पाटी बदललेली. एका एजंटाला मी विचारलं, दुरुस्तीची मुदत कोटेशनवर लिहून द्याल का? ‘मॅडम, आपलंच माणूस आहे, फोन करा, लगेच येईल,’ म्हणाला. पावसाळ्यात आपलं माणूस फोन उचलत नाही हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणूनच सहा महिन्यांचे आगाऊ भरून एक महिना फुकट घेण्यात मला राम वाटत नाही. पैसे हातात असले की तक्रारीला वजन येतं. त्यापेक्षा लहान प्लॅन महिन्याच्या महिन्याला घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दुसरी स्वस्त लाइन ठेवावी. मात्र दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन लाइनी झाल्या असं नाही. दोन्हीच्या वायरी एकाच खांबावरून येत असतील तर एकाच जेसीबीत दोन्ही जातात. आमच्याकडे एक लाइन फायबरची आणि जोडीला मोबाइलचं सिम. वीज गेल्यावर फायबरची पेटी आणि राउटर चालू राहावेत म्हणून छोटा डीसी यूपीएस घेतला, तो कॉम्प्युटरच्या यूपीएसपेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

आता बिलाचं. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी आहे. ९९९ रुपयांच्या प्लॅनवर महिन्याला जवळपास १८० रुपये, वर्षाला २१५० च्या वर. नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला हा कर वळता करून घेता येतो, पण कनेक्शन धंद्याच्या नावावर हवं, बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा आणि ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपल्या नावे दिसणाऱ्या खरेदी बिलांच्या यादीत, दिसायला हवं. उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या कंपोझिशनवाल्यांना ही सोय नाही. पेठेत निम्मी कनेक्शनं भावाच्या नाहीतर वडिलांच्या नावावर आहेत, आणि काही केबलवाले पैसे घेऊन बिलाऐवजी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतात. जिथे वेग कमी करून पैसे वाचवायची खटपट चालते, तिथे हे पैसे दर महिन्याला सरळ सोडले जातात.

माझी मागणी व्यापारी संघटनांकडे आहे. एकेकट्या दुकानदाराला कोण विचारतो? संघटनेने पेठेतल्या सगळ्या पुरवठादारांना एकच छापील नमुना द्यावा: डाउनलोड, अपलोड, किती जीबीनंतर वेग कमी होणार आणि किती होणार, बिघाड किती तासांत निघणार, जीएसटी बिल मिळणार की नाही. जो भरून सही करेल त्याचीच हँडबिलं आपल्या दुकानांत ठेवावीत. तक्रारही तोंडी करू नये, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यावा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावं लागतं. तिथे हा नंबर लागतो.

नमुना टाइप करून द्यायला मी तयार आहे, संघटनेकडून त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, सांगली