अनुदान हजेरीला, हात कशाने बसणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खांबाखाली डबा उघडून इंटरनेटची फायबर (काचेची तार) मशीनने वितळवून जोडत बसलेला पोरगा आता सोलापुरातल्या कुठल्याही पेठेत दिसतो. मशीन चालवायला कुठे शिकलास, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘दादाचं बघून’ असेच येते. कागदावर मात्र या कामासाठी अभ्यासक्रम आहे, शिकाऊ उमेदवारी आहे आणि अनुदानही आहे. हे सगळे त्या पोरापर्यंत का पोचत नाही, त्याचा हिशेब मांडावा म्हणून हे पत्र.

आधी पैशाचे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याखालच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या बदलानुसार, कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसे असतील तर मालकाची मर्जी. चारच्या खाली दारच बंद. किमान विद्यावेतन त्याच नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावीला ६,००० आणि बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,००० रुपये ठरवले. ‘नॅप्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्राच्या योजनेतून त्यातला चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार भरते. म्हणजे दहावीच्या उमेदवारामागे मालकाच्या खिशातून ४,५०० जातात. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत सगळे विद्यावेतन सरकारचे (बारावीला ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००), पण बारावीच्या आतल्यांना तिथे जागा नाही.

आता काम कोण करते ते पाहा. कंपनी मोठ्या कंत्राटदाराला काम देते, तो पोटकंत्राटदाराला आणि पोटकंत्राटदार तीन ते सहा जणांच्या टोळीला. तिसाच्या अटीत जो बसतो, त्याच्याकडे जोडकाम नसते. ज्याच्याकडे जोडकाम असते, तो अटीच्या बाहेर. मग सक्तीचा उमेदवार कंपनीच्या कार्यालयात तक्रारींची नोंद घेत वर्ष काढतो आणि हजेरी भरली की त्याचे विद्यावेतन रीतसर निघते.

खरे तर वाट कायद्यातच आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, उमेदवारांना शिकवावे अशी तरतूद त्यात आहे. सोलापुरातल्या आठ-दहा छोट्या केबल कंत्राटदारांनी मिळून वीस पोरे घेतली, त्यांना आळीपाळीने टोळ्यांवर पाठवले आणि मशीनचा सराव शासकीय आयटीआयत ठेवला, तर अडचण निम्म्याने कमी होते. उरलेली निम्मी अडचण मात्र पैशाने एकट्याने सुटणारी नाही, कारण हात कसा बसतो हे योजना आखणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

जोडायची तार १२५ मायक्रॉनची, म्हणजे साधारण केसाएवढी. प्रकाश वाहतो तो तिच्यातल्या जेमतेम नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. क्रम असा: जोडावर बसणारी संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, आधी तारेत ओवायची (ही विसरली की झालेला जोड कापून पुन्हा पहिल्यापासून, नवखा माणूस ही चूक हटकून करतो), मग तीन-चार सेंटिमीटर आवरण सोलायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसायचे, क्लीव्हर नावाच्या हत्याराने कापायचे आणि मशीनमध्ये ठेवायचे. कापलेल्या टोकाला यानंतर कशाचाही स्पर्श होता कामा नये. पुष्कळ जण कापून झाल्यावर पुन्हा एकदा पुसतात, आणि मग जोडात बुडबुडा का आला म्हणून मशीनला दोष देतात. काप एक अंशापेक्षा तिरका गेला की जोड कमजोर. तो वारंवार तिरका जाऊ लागला तर क्लीव्हरचे पाते पुढच्या खुणेवर फिरवायचे असते, हे सांगायला मात्र कोणी नसते.

मशीनच्या पडद्यावर जोडाचा लॉस (जोडात वाया जाणारा प्रकाश) ०.०२ डीबी, म्हणजे डेसिबल, दिसला की पोरगा निश्चिंत होतो. तो आकडा मशीनने चित्र पाहून बांधलेला अंदाज असतो, मोजलेला लॉस नव्हे. खरा लॉस कळतो तो ओटीडीआर (तारेत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून लॉस मोजणारे यंत्र) लावल्यावर, आणि तोही दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली तरच. एका टोकाकडून कधी कधी जोडात लॉसऐवजी वाढ दिसते. दोन्ही तारांच्या गाभ्यांत किंचित फरक असला की असे होते. त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोजमाप १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर घ्यायचे. दोन्ही तरंगलांबींवर लॉस सारखाच दिसला तर जोड खराब. १५५० वर जास्त आणि १३१० वर कमी असेल तर तार जोड ठेवायच्या ट्रेमध्ये कुठेतरी दाबली किंवा मुडपली गेली आहे, जोड चांगला आहे. एवढे न कळल्याने चांगले जोड कापले जातात आणि मुडपलेली तार तशीच राहते.

याचा भुर्दंड शेवटच्या घराला बसतो. एका तारेवरून अनेक घरांना इंटरनेट देणाऱ्या जीपॉन पद्धतीच्या नेहमीच्या जोडणीत एकूण २८ डीबी लॉसची मुभा असते. प्रकाश ३२ घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये त्यातले साडेसतरा जातात. पाच किलोमीटर तारेत पावणेदोन, चार कनेक्टरांत दोन, सहा नीट जोडांत अर्ध्याहून थोडे जास्त. उरतात सहा. दीड-दीड डीबी खाणारे चार जोड झाले की ते सहाही संपले आणि त्या घरातल्या डब्यावर लाल दिवा. त्यात कोणी हिरव्या कनेक्टरला निळा जोडला (हिरव्याचे टोक आठ अंश तिरके, निळ्याचे सरळ), तर मग बोलायलाच नको.

हा हात तीनशे जोड केल्याशिवाय बसत नाही, असा आमचा अंदाज आहे. तीनशे जोड ऐकायला महाग वाटतात. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंची मिळून वीस सेंटिमीटर तार धरली तर साठ मीटर झाली. ड्रमच्या शेवटी उरणारा २४ कोरच्या (म्हणजे २४ तारांच्या) केबलचा तीन मीटरचा तुकडा सोलला की बहात्तर मीटर तार निघते, आणि तो तुकडा सध्या भंगारात जातो. स्लीव्हला थोडके पैसे आणि अल्कोहोलची एखादी बाटली. महाग आहेत ते मशीनचे तास आणि त्याहून जास्त शिकवणाऱ्या कारागिराचे तास. शिकवत शिकवत काम करायला त्याला सहज दुप्पट वेळ लागतो आणि त्याची मजुरी बहुतेक ठिकाणी जोडामागे ठरलेली. तो कशाला शिकवेल? म्हणून अनुदानाचा काही हिस्सा उमेदवाराच्या हजेरीऐवजी या कारागिराच्या तासांवर खर्च करा, ही आमची मुख्य मागणी.

सोलापूरचे म्हणून काही वेगळे शिकवावे लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना भर उन्हात मशीन उघडले की ते तापते आणि धूळ तारेच्या खाचेत बसते. छत्री, ओले फडके आणि ठिणगी जुळवून घेण्याची आर्क चाचणी रोजच्या सवयीत यायला हवी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगते. नियमाची १.६५ मीटर खोली न धरता डक्ट (केबलची नळी) उथळ टाकले की ते सांध्यात ताणले जाते. शहरात केबल विजेच्या खांबांवरून जाते. खांबावरून घरात येणारी, पोलादी तार असलेली ड्रॉप वायर वीजवाहिनीला लागली तर तीतून प्रवाह घरापर्यंत येऊ शकतो, हे पहिल्या दिवशीच सांगायला हवे. तारेचे काचेचे तुकडे बंद बाटलीतच टाकायचे आणि चालू तारेच्या टोकात डोकवायचे नाही, कारण तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करतो, हेही.

एक जाता जाता. शहराच्या पूर्वभागात माग बंद पडलेल्या घरांतली पुष्कळ मुले कामाच्या शोधात आहेत. तुटलेला ताणा सांधायची सवय असलेल्या घरातल्या बोटांना हे काम लवकर जमते. त्यांतल्या अनेकांचे शिक्षण दहावीच्या आसपास थांबलेले असते, म्हणजे बारावीची अट असलेली योजना त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना नेमक्या पाच आणि सहा हजारांच्या गटातल्या शिकाऊ उमेदवारीचीच गरज आहे.

चर खोदणाऱ्या आणि डक्ट ओढणाऱ्या मजुरांबद्दल एवढेच की ते बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला पात्र असतात. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि पोटकंत्राटदार तोच देत नाही.

शेवटी परीक्षेचे. सध्या लेखी प्रश्न आणि एखादा जोड दाखवला की प्रमाणपत्र मिळू शकते. त्याऐवजी उमेदवाराने २४ कोरचा एक पूर्ण जॉइंट क्लोजर (जोड ठेवायचा बंद डबा) एकट्याने बांधावा: रंगांच्या क्रमाने, ट्रेमध्ये तीस मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा वळसा न घालता, न वापरलेली भोके बुचाने बंद करून. मग तो क्लोजर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांकडून, दोन्ही तरंगलांबींवर ओटीडीआर लावावा. एकही जोड ०.१ डीबीच्या वर गेला किंवा आत थेंबभर पाणी दिसले तर तोच क्लोजर त्याच्याकडून पुन्हा बांधून घ्यावा, आणि प्रमाणपत्राला त्या चोवीस तारांचे आलेख जोडावेत.

आपले,
फायबर जोडणीच्या कामातील काही वाचक, सोलापूर